चारशे बारा गळके नळ

मृणाल आवटीच्या स्वयंपाकघरातला नळ चार महिन्यांत तीनदा दुरुस्त झाला आणि तिन्ही वेळा गळतच राहिला. पहिल्यांदा प्लंबरने वायसर बदलला. दुसऱ्यांदा अख्खा नळच बदलला. तिसऱ्यांदा तो कपाळाला आठ्या घालून आला, नळ उघडला, बंद केला आणि हाताची घडी घालून पाच मिनिटं सिंकपाशी उभा राहिला. एक थेंब पडला नाही.

"नळ ठणठणीत आहे, मॅडम," तो म्हणाला. "तुम्हीच नीट बंद करत नाही."

आता ही मृणाल कोण, तर सांगलीत विश्रामबागेतल्या आपल्या घरी बसून ऑनलाइन कोर्स बनवणारी बाई. दहा वर्षांत तिने अंगणवाडीच्या सेविकांना बाळाची वाढ मोजायला शिकवलं होतं, विजेच्या बसवर नव्याने आलेल्या चालकांना ब्रेक लावायला शिकवलं होतं. अशा बाईला नळ बंद करता येत नाही, हे तिने एका प्लंबरच्या तोंडून ऐकून घेतलं. तिने त्याला चहा विचारला नाही. तिच्या रागाची मजल एवढीच जायची.

तो गेल्यावर तिने नळ उघडला, बंद केला आणि वळली. मागे टप्, टप् सुरू झालं.

मृणालच्या कामाला पूर्वी कुणी काम म्हणत नसे. ऑनलाइन कोर्स म्हणजे पन्नास चित्रं, एक गोड आवाज आणि खाली 'पुढे' नावाचं बटण. लोक एका हाताने मटार सोलायचे, दुसऱ्या हाताने 'पुढे' दाबायचे आणि शेवटी प्रमाणपत्र छापून भिंतीला लावायचे. मृणालची थोरली नणंद राजश्री, म्हणजे तिच्या वन्सं, याला 'पुढे-पुढे शिक्षण' म्हणायच्या. "बटण दाबून पोहायला येत असतं तर कृष्णेत कुणी बुडालंच नसतं," असं त्यांनी लग्नानंतरच्या पहिल्याच दिवाळीला, ताटावर बसल्या बसल्या मृणालला सुनावलं होतं. मृणालने खाली मान घालून करंजी खाल्ली. उत्तर द्यायला हवं होतं, पण द्यायला उत्तरच नव्हतं.

ते आलं 'विरजण'च्या रूपाने.

विरजण हे कोर्स बनवायचं साधन. एखाद्या जाणत्या माणसाचं काम चित्रित करायचं, त्याचे तुकडे पाडायचे, क्रम लावायचा, मधे मधे प्रश्न पेरायचे. इथवर सगळं जुन्यासारखंच. नवं होतं ते शिकणाऱ्याच्या अंगावर: उजव्या हाताला एक पातळ हातमोजा आणि कपाळाला एक पट्टा. जाणत्याचा हात वळतो तसा आपला हात वळवायचा. बरोबर वळला की कानात बारीक 'टिक' वाजायची. रात्री तोच पट्टा बांधून झोपायचं. गाढ झोपेत मेंदू दिवसभराच्या शिकण्याची आपण होऊन उजळणी करतो, हे शास्त्रज्ञांना पूर्वीपासून ठाऊक होतं. पट्टा ती वेळ बरोबर पकडायचा आणि तीच 'टिक' हलकेच वाजवायचा. मग मेंदू दिवसभराच्या हजार गोष्टी सोडून त्या एकाच हालचालीची उजळणी करत बसायचा. आठ दिवसांत, आठ वर्षं तेच काम केलेल्या माणसाची सवय हातात उतरायची. रात्री दूध विरजावं आणि सकाळी दही लागलेलं असावं, तसं.

असं शिकलेलं डोक्यात राहत नाही, हातात राहतं. डोकं घाबरलं, बावचळलं, तरी हात आपलं काम करून मोकळा होतो. संकटात दुसरं काय हवं असतं?

म्हणून तर बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजवाल्यांचा संघ तिच्याकडे आला होता. तासगावच्या आसपास जितकी द्राक्षं, तितका बेदाणा, आणि जितका बेदाणा तितकी कोल्ड. या कोल्डमध्ये थंडावा खेळवतो तो अमोनिया. पाइपात आहे तोवर तो गुणी बाळ असतो. बाहेर आला की डोळे जाळतो, घसा आवळतो, आणि जास्त झाला तर माणूस दारापर्यंतही पोहोचत नाही. गळती झाली की टाकीवरचा मुख्य व्हॉल्व्ह ताबडतोब आणि पक्का बंद करायचा, एवढं एक काम ऑपरेटरच्या हातात पक्कं बसलेलं हवं होतं.

हात कुणाचा घ्यायचा, यावर मात्र वाद झाला नाही. दादगोंडा मगदूम. चाळीस वर्षं अमोनियाच्या कॉम्प्रेसरवर काढलेला, अंगावर एक डाग न लागलेला माणूस. सगळे त्यांना मगदूम मामा म्हणत. मृणालने मामांचे हात तीन दिवस चित्रित केले. पुढच्या चार महिन्यांत चारशे बारा ऑपरेटर या कोर्समधून तयार झाले. पण विरजणच्या धंद्यात एक शिरस्ता आहे, ज्याने कोर्स लावला त्याने तो आधी स्वतः खायचा. मृणालनेही आठ दिवस पट्टा बांधला होता. तिच्याही उजव्या हातात मामांचा हात उतरला होता.

त्या चारशे बारांत एक तिच्या वन्संही होत्या.

वन्सं तासगावात राहत. नवरा अकाली गेल्यावर नऊ वर्षं त्यांनी कोल्डमध्ये बेदाणा निवडला. कोर्स निघाला तेव्हा मृणालनेच भीत भीत त्यांना विचारलं होतं. "मी आणि तुझं पुढे-पुढे?" असं म्हणत त्या हसल्या होत्या, आणि नवव्या दिवशी त्यांच्या कोल्डमधल्या पहिल्या बाई ऑपरेटर झाल्या होत्या. तेव्हापासून दर रविवारी मृणालला तासगावात जेवायला बोलावणं असे. एका कोर्सने एवढं केलं म्हणून मृणाल मनातल्या मनात त्याला नमस्कार करायची.

प्लंबर येऊन गेल्यानंतरच्या रविवारी ती गेली, तेव्हा वन्सं वांग्याची भाजी परतत होत्या. मोरीतून आवाज येत होता. टप्, टप्.

"तुमचाही नळ गळतो होय?"

"महिना झाला बघ. दोन नळ झाले. पाण्यातच काही तरी आलंय, असं शेजारीण म्हणती."

मृणाल हसली. मग तिचं हसू हळूहळू मावळलं. "वन्सं, जरा तो नळ बंद करा बघू."

वन्संनी ओला हात पदराला पुसला, नळ घट्ट फिरवून बंद केला आणि हात काढता काढता पाव फेरा उलटा फिरवला. पॅन्टला पुसावा तसा हात साडीवर पुसला, आणि एक पाऊल मागे सरकल्या.

थेंब पडला.

"पुन्हा करा."

त्यांनी पुन्हा केलं. घट्ट, पाव फेरा उलटा, हात पुसला, एक पाऊल मागे. मृणालने पुढे होऊन स्वतः नळ बंद केला. या खेपेला ती स्वतःच्या हाताकडे परक्याच्या हाताकडे बघावं तशी बघत होती. घट्ट. पाव फेरा उलटा.

प्लंबर खोटं बोलला नव्हता.

 ती तिथेच मोरीच्या कट्ट्यावर टेकली. नळाचं जाऊ दे, पाणीच तर होतं. पण टाकीवरचा व्हॉल्व्ह? गळती झाली, ऑपरेटर धावला, व्हॉल्व्ह घट्ट बंद केला आणि मग त्याच्याच हाताने तो पुन्हा पाव फेरा उघडला. त्याला कळणारही नाही. तो बंद झाला असं समजून आत जाईल. चारशे बारांपैकी कुणीही.

"वन्सं, उलटं फिरवू नका. आता मुद्दाम ठरवून करा."

वन्संनी ओठ चावत नीट बंद केला. "हे बघ. झाला की."

"आता पुन्हा. आणि मला सांगा, गेल्या रविवारी आपण काय जेवलो होतो?"

"शेवग्याची आमटी, आणि..." वन्संचा हात फिरला, आणि पाव फेरा मागे आला. त्या आपल्या हाताकडे बघतच राहिल्या. लक्ष असेतो हात ऐकत होता. लक्ष हटलं की तो मामांचा होत होता.

"उद्या ड्यूटीवर जाऊ नका," मृणाल म्हणाली.

"आणि कोण जाणार? दुसरा ऑपरेटर पण तुझाच विद्यार्थी हाय ना?"

 साठ बायका त्या कोल्डच्या निवडणी हॉलमध्ये बसतात, त्यांतल्या निम्म्या तिच्या ओळखीच्या होत्या. वन्संनी भाजीवर झाकण ठेवलं आणि तिच्या पाठीवर हात ठेवला. "मी ध्यानात ठेवीन गं."

ध्यानात ठेवून भागत नाही म्हणून तर हा कोर्स बनवला होता, हे मृणालच्या ओठांवर आलं. ते तिने गिळलं.

जेवण कुणालाच गेलं नाही. पडवीत बसून तिने सात ऑपरेटरांना फोन लावले. कारण न सांगता एवढंच विचारलं, घरातला नळ गळतो का? सातही जणांचे गळत होते. पलूसच्या एकाची आई फोनवर म्हणाली, "बाई, तुम्हाला कसं कळलं? आम्ही तर पाणीवाल्यांकडं तक्रार केलीया." दुसऱ्या कुठल्या वेळी मृणाल पोट धरून हसली असती.

मग तिने संघाचे सचिव बिरनाळे यांना गाठलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं. "सगळ्यांना एक मेसेज टाकू या की मॅडम. बंद केल्यावर उलटं फिरवू नका म्हणून."

"साहेब, मेसेज डोक्याला मिळतो. चूक हातात आहे."

 "मग दुरुस्त करा," बिरनाळे म्हणाले. "पण लवकर करा. सीझन आहे. टाक्या तुडुंब आहेत."

दुरुस्त करायचं म्हणजे काय, ते मृणालला ठाऊक होतं, आणि त्यातली अडचणही. हातात बसलेली सवय पुसता येत नाही. पण सवयीने काम सुरू असताना मधेच काही अगदी अनपेक्षित घडलं, तर ती सवय काही तास सैल होते. तेवढ्या वेळात तिच्या जागी नवी बसवता येते. अट एकच: माणूस खरोखर चकित व्हायला हवा. आधी सांगून ठेवलेला धक्का हा धक्का नसतो. असा धक्का आणायचा कुठून, ते तिला सुचत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मणेराजुरीला मगदूम मामांच्या घरी पोहोचली. मामा अंगणात खुर्ची टाकून बसले होते. मनगटाला नेहमीप्रमाणे हळदीत भिजवून वाळवलेली कापडाची पट्टी होती. तिच्या मनात एकच वाक्य घोळत होतं: म्हाताऱ्याच्या हाताला खोड होती, आणि ती मी चारशे जणांना लावली.

तिने ते जरा गोड करून सांगितलं. मामांनी ते गोड करून घेतलं नाही.

"मी? बंद करून उलटा फिरवतो?" ते उठून उभे राहिले. "पोरी, चाळीस वर्सात मी असं केलं असतं तर आज तुझ्याम्होरं बसलो असतो व्हय? उलटा फिरवत्यात ते उघडल्यावर! पुरा उघडायचा आन पाव फेरा मागं घ्यायचा. न्हाईतर दांडा वरच अडकून बसतो, आन पायजे तवा बंद हुईत न्हाई. बंद करताना मागं घेतोय काय कुणी? ह्यो शानपना कुणाचा?"

मृणालने लॅपटॉप उघडला आणि मूळ चित्रण काढलं, कात्री लावण्याआधीचं. मामांनी व्हॉल्व्ह उघडला: पुरा उघडला, पाव फेरा मागे, हात काढला, पॅन्टला पुसला, एक पाऊल मागे. मग बंद केला: पुरा घट्ट, हात काढला, पॅन्टला पुसला, एक पाऊल मागे. उलट फेरा नव्हता. मग तिने कोर्स काढला. त्यात होता.

तेव्हा तिला ती दुपार आठवली. तुकडे पाडत असताना विरजणने पडद्यावर विचारलं होतं: 'या दोन्ही कृतींचा शेवट सारखा दिसतो. एकच तुकडा दोन्हीकडे वापरायचा?' पंधरा सेकंदांचं काम सातवर येत होतं. कोर्स आटोपशीर करण्यात तिचा हातखंडा होता. तिने 'होय' दाबलं होतं. दोन शेवटांत फक्त पाव फेऱ्याचा फरक होता, आणि तो पाव फेरा काय आहे, हे तिने कुणाला विचारलं नव्हतं. धडा दाखवताना तिने मामांनाही फोन दिला होता. मामांनी तो हातभर लांब धरून "झकास झालंय" म्हटलं होतं, कारण चष्मा आत होता.

"मामा, चूक माझी आहे," ती म्हणाली.  "तुमचा हात बरोबर होता. मी जोड चुकीचा लावला."

मामा पुन्हा खुर्चीत बसले. "चष्मा न्हवता लावला मी बी," ते हळूच म्हणाले.

तेवढ्यात बिरनाळ्यांचा फोन आला. त्यांच्या आवाजात कालची शांतता नव्हती. वन्संच्या कोल्डमध्ये टाकीजवळच्या जोडातून अमोनिया सुटला होता. सायरन वाजून दहा मिनिटं झाली होती. ड्यूटीवर राजश्रीबाई होत्या आणि त्यांचा फोन लागत नव्हता.

मणेराजुरीहून तासगाव काही फार लांब नाही. पण त्या दिवशी मृणालला तो रस्ता संपता संपेना. मामा शेजारी बसले होते आणि गाडी आपली आपण सुरक्षित वेगाने चालली होती. तो वेग कुणाच्या बापाला वाढवता येत नव्हता.

"पट्टीचा भाग हाय न्हवं कोर्सात?" मामांनी अचानक विचारलं.

"आहे."

"समदा हाय?"

"सगळा आहे, मामा."

त्या भागावरून केवढी भांडणं झाली होती! मामांचं म्हणणं, व्हॉल्व्ह बंद केल्यावर तोंड फिरवून निघून जायचं नाही. शंभर अंक मोजायचे, कारण पाइपात उरलेला वायू निघून जायला तेवढा वेळ लागतो. मग ओली केलेली हळदीची पट्टी गळतीच्या जोडापाशी धरायची. अमोनिया लागला की हळद लाल होते. पट्टी लाल झाली तर व्हॉल्व्ह बंद झालेलाच नाही. पिवळी राहिली तर झाला. संघातले लोक म्हणाले होते, भिंतीवर सेन्सर असताना हळद कशाला? मामांनी ऐकवलं होतं की सेन्सर एकदा वास भरला की अर्धा तास बोंबलत राहतो, गळती थांबली काय नि न थांबली काय, त्याला पत्ता नसतो. विरजणचा आलेखही मामांच्या विरुद्धच होता. त्या शंभर अंकांत शिकणाऱ्यांचं लक्ष पार उडत होतं आणि साधन पुन्हा पुन्हा सुचवत होतं, हा भाग काढा. शेवटी मामा म्हणाले होते, "काढ. पण मग माझं नाव बी काढ." मृणालने शंभरच्या शंभर अंक जसेच्या तसे ठेवले. पटले होते म्हणून नव्हे. म्हाताऱ्याचं मन मोडवेना म्हणून.

कोल्डचं फाटक उघडं होतं. साठ बायका रस्त्यापलीकडे, वारा पाठीवर घेऊन, ओले पदर नाकाला लावून उभ्या होत्या. कुणी खोकत होत्या, कुणी डोळे पुसत होत्या, पण सगळ्या आपल्या पायांवर उभ्या होत्या. मृणालने त्यांच्यात वन्संना शोधलं. त्या नव्हत्या. आतल्या सायरनचा आवाज थांबत नव्हता.

ती फाटकाकडे निघाली तेव्हा मामांनी तिचा दंड धरला. "मास्कबिगर कुठं चाललीस?"

आणि तेव्हा शेडच्या कोपऱ्यावरून वन्सं आल्या. सावकाश चालत होत्या. मास्क गळ्यात उतरवलेला, केस घामाने कपाळाला चिकटलेले. उजवा हात पुढे धरला होता, आरतीचं तबक धरावं तसा सांभाळून. मृणालजवळ आल्यावर त्यांनी मूठ उघडली.

पट्टी पिवळी होती.

मृणालला रडू कोसळलं. भर रस्त्यात, साठ बायकांसमोर, ती नणंदेच्या गळ्यात पडून लहान पोरीसारखी रडली. वन्संच्या अंगाला अमोनियाचा उग्र वास येत होता, त्याने तिच्या डोळ्यांतून आणखीच पाणी आलं. मामा जवळच्या दगडावर बसले आणि त्यांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

पाणी पिऊन झाल्यावर वन्संनी सांगितलं. सायरन झाला तेव्हा काही आठवलं नाही. रविवार आठवला नाही, मृणाल आठवली नाही, नळ आठवला नाही. मास्क चढवला, धावल्या, हाताने व्हॉल्व्ह बंद केला. टाकी उघड्यावर, वारा चांगला होता, तेवढं नशीब. शंभर मोजले. पट्टी धरली.

"लालभडक! कुंकवासारखी. मला काय कळंना. बंद तर केलाय मी! माझ्या हातानं केलाय! आणि मग एकदम सुचलं, व्हय की, हातानंच केलाय."

त्यांनी पुन्हा बंद केला. आता नजर हातावर होती. तरी त्या भीतीत हात मागे आलाच. पुन्हा शंभर, पुन्हा लाल.

"मग?" मृणालने विचारलं.

"मग काय! उजवा शिकलेला, तो ऐकंना." वन्संनी डावा हात वर केला. तळव्यावर व्हॉल्व्हच्या चाकाचा लाल वळ उठला होता. "ह्याला तू हातमोजा दिलाच नव्हतास. हा आपला अडाणीच राहिलेला. ह्यानं गपचीप बंद केला नि गप बसला."

मगदूम मामा आधी हसले, मग बायका, आणि मग रडता रडता मृणालही.

त्याच दिवशी चारशे अकरा ऑपरेटरांना संघाचा मेसेज गेला: पुढची सूचना येईतो प्रत्येक व्हॉल्व्ह डाव्या हाताने बंद करा. कारण लिहिलं नव्हतं. ते मुद्दाम लिहिलं नव्हतं, कारण मृणालला तिचा धक्का सापडला होता. तो वन्संच्या मुठीत होता.

नवा धडा तीन दिवसांत तयार झाला. नाव साधंच ठेवलं, 'वार्षिक उजळणी'. माणूस हातमोजा घालून व्हॉल्व्ह बंद करायचा, निवांत शंभर मोजायचा, आपलं काम चोख झालंय या खात्रीने पट्टी धरायचा, आणि पडद्यावरची पट्टी त्याच्या डोळ्यांदेखत लाल व्हायची. कपाळावरचे पट्टे त्या क्षणाला असे काही उसळायचे, की आलेख बघताना मृणालला प्रत्येकाचा आ वासलेला दिसायचा. सवय सैल झाली की त्या काही तासांत मामांचा खरा शेवट बसवायचा: पुरा घट्ट, हात काढला, पुसला, एक पाऊल मागे. मामांनी धडा पाहिला तो चष्मा लावून, दोनदा, आणि पहिल्यांदा नापास केला, कारण त्यात शंभर अंक जरा घाईने मोजले होते.

सगळ्यांची उजळणी पुरी झाल्यावर संघाच्या सभेत मृणालने उभं राहून सगळं सांगितलं: 'होय' कुणी दाबलं, कशासाठी दाबलं, किती सेकंद वाचले. कुणी तरी तोंडावर दार लावील, अशी तिने मनाची तयारी केली होती. बिरनाळे म्हणाले, "मॅडम, पुढच्या सीझनला थंडावा नेणाऱ्या मीठपाण्याच्या टाक्यांचा कोर्स घ्यायचाय. तेवढं यांत्रिकाला विचारत जा." एवढ्यावर निभावलं. ती बाहेर आली तेव्हा तिला कित्येक आठवड्यांनी पोटभर भूक लागली होती.

दोन आठवड्यांत फोन येऊ लागले. पलूसची म्हातारी म्हणाली, नळ आपोआप थांबला, पाणीवाल्यांनी आमचं ऐकलं बघा. बेळंकीचा एकजण म्हणाला, नव्या नळाचा गुण आला. मृणालने कुणाचाच गैरसमज दूर केला नाही. ती यादी घेऊन बसायची आणि एकेका नावापुढे बरोबरची खूण करायची. वन्संना तर उजळणी लागलीच नाही, त्यांचा धक्का कोल्डच्या आवारात खराखुरा होऊन गेला होता आणि त्याच दुपारी मामांनी त्यांच्याकडून खरा शेवट गिरवून घेतला होता. अशा रीतीने चारशे बाराच्या चारशे बारा हात सुधारले.

एक राहिला. तो त्या यादीत नव्हता.

मृणालने उजळणी स्वतःवर चारदा लावून पाहिली. पट्टी लाल व्हायची, आणि तिच्या कपाळावरचा पट्टा ढिम्म हलायचा नाही. हलणार कसा? ती पट्टी केव्हा लाल करायची, हे तिनेच तर ठरवलं होतं. सगळ्यांना चकित करता येतं, स्वतःला येत नाही. तिच्या उजव्या हातातला पाव फेरा आता तिला जन्माचा चिकटला होता.

पावसाळा सरता सरता वन्सं पहिल्यांदाच सांगलीला राहायला आल्या. एरवी त्या भावाच्या घरी चहापुरत्या टेकायच्या. जेवणं झाली. मृणाल भांडी विसळत होती आणि वन्सं शेजारी उभ्या राहून ती पुसत होत्या. बोलणं त्यांच्या नव्या नोकरीवर आलं. आता त्या नव्या ऑपरेटरांना शिकवतही होत्या.

"पोरं विचारतात, शंभरच का मोजायचे, पन्नास का नाही?"

"मग काय सांगता?"

"सांगते, माझ्या भावजयीला विचारा. तिनं ते शंभर ठेवले म्हणून मी हितं उभी हाय."

 मृणालने शेवटचं पातेलं विसळलं, उजव्या हाताने नळ घट्ट बंद केला, आणि बोलण्याच्या नादात हात काढता काढता तो पाव फेरा मागे आला.

टप्.

वन्संनी हातातलं ताट खाली ठेवलं, तिच्या खांद्यावरून हात पुढे घातला आणि नळ बंद केला. मग पुढचं ताट पुसायला घेतलं.  नळ गप्प होता.